केमिस्ट्री घरी ठेवून या

बडोद्याच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी मुलाखत १८७५ साली झाली. गादीला वारस हवा होता, म्हणून नाशिककडच्या कवळाण्याहून मुलं आणली होती. इथं कशाला आलात, असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ म्हणे उत्तरला, ‘राज्य करायला.’ झालं, निवड पक्की, आणि आपल्याला सयाजीराव महाराज मिळाले. दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात ही गोष्ट वरणभातासोबत एकदा तरी वाढली जातेच.

तुम्ही केमिस्ट्रीच्या शिक्षकाच्या मुलाखतीला निघाला असाल, तर हे उत्तर मात्र देऊ नका. राज्य करणारे आत एसीखाली आधीच बसलेले असतात.

मी आजवर अशा सहा मुलाखती दिल्यात, त्यामुळे अधिकारवाणीनं बोलतो. मधे कुठंच नोकरी न लागल्यामुळे माझ्या अनुभवात खंड पडलेला नाही.

सुरुवात फाईलपासून. ती जाड हवी. एम.एस्सी., बी.एड., शिक्षकांच्या टाट परीक्षेचा निकाल हे तर झालंच, पण शाळेत असताना गरब्याच्या स्पर्धेत मिळालेलं प्रमाणपत्र सगळ्यांत वर ठेवा. सहा मुलाखतींत माझ्या ज्या एकमेव कागदाबद्दल आस्थेनं प्रश्न विचारला गेला, तो हाच. नवरात्रात स्टाफचा गरबा असतो आणि त्यात सायन्सवाले नेहमी कमी पडतात. बाकी रांगेत कुणी फाईल न घेता, नुसता मोबाईल आणि गाडीची किल्ली घेऊन आलं असेल, तर त्यांच्याशी गोड बोला. त्यांना नोकरी लागलेली आहे, फक्त खोली कुठली ते विचारायचंय. माझी आत्या याला ‘वर्णी’ म्हणते. मुलाखतीचं पत्र आलं की तिचा एकच प्रश्न असतो, ‘ट्रस्टींत आपलं कोण?’ आपलं कोणी नाही म्हटलं की ती पोळ्या लाटायला लागते.

थांबायला तुम्हाला प्रयोगशाळेत बसवतील. दचकू नका, तिथं स्टुलं आहेत एवढंच कारण. गेल्या वेळी आम्ही पाच जण अशा एका लॅबमध्ये दोन तास बसलो. पट्टेवाल्या काकांनी कुलूप उघडलं तेव्हा बिजागरी अशी काही ओरडली की, शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं असेल याचा हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला. ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची तोटीवाली काचनळी, काचेच्या कपाटात, शेजारी आंतरशालेय खो-खोची ढाल. बाटल्यांवरची लेबलं इतकी उडालेली की सॉल्ट अ‍ॅनालिसिस (क्षार ओळखायचा प्रयोग) बाटलीपासूनच सुरू करावं. भिंतीवरच्या आवर्त सारणीची गाडी १०३ वर, लॉरेन्शियमला येऊन थांबलेली. मूलद्रव्यं आता ११८ झाली आहेत, बिननावाच्या राहिलेल्या चारांना २०१६ मध्ये नावंही मिळाली, पण हे तुम्ही बोलून दाखवू नका. तक्ता कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला असतो. शिवाय २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून तो धडाच काढून टाकला, तेव्हा भिंतीवर आहे हेच पुष्कळ.

त्या लॅबमधलं बेसिन तेवढं माझ्या लक्षात राहिलंय. पांढरं चिनी मातीचं, पण आतून पार तपकिरी, चहाच्या जुन्या कपासारखं. वर्षानुवर्षं कुणीतरी पोटॅशियम परमँगनेट ओतलेलं, त्याचं मँगनीज डायऑक्साइड होऊन बसलेलं. चला, म्हणजे एके काळी इथं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब सोडून द्रावणाची तीव्रता मोजणं, होत होतं, एवढं समाधान वाटलं. सीबीएसईत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचे ३० गुण, त्यातले ८ टायट्रेशनचे आणि ८ सॉल्टचे. ‘तीसपैकी किती द्याल?’ असं आत विचारलं तर ‘मुलांना जेवढे मिळतील तेवढे’ असं भाबडं उत्तर देऊ नका. मी दिलं होतं, तिसऱ्या मुलाखतीत. चौथा प्रश्न आलाच नाही.

आत गेल्यावर पहिला प्रश्न येईल, ‘गुजराती मीडियममां भणावतां फावशे?’ हा ‘फावशे’ नीट समजून घ्या, सगळी मुलाखत त्याच्यावर उभी आहे. गुजरातीत फावणं म्हणजे जमणं, सवयीचं होणं. आपल्या मराठीत फावणं म्हणजे आयती संधी मिळणं. आत दोन्ही अर्थ एकदम चालू असतात. फिजिक्सचे तास फावशे? फावशे. सायन्स फेअर, बसची ड्यूटी, ॲडमिशनच्या दिवसांत गोत्रीपासून मांजलपूरपर्यंत घरोघरी पत्रकं? फावशे. कागदावर एक पगार आणि हातात दुसरा? इथं क्षणभर थांबा, छताकडे बघा आणि मग फावशे म्हणा. लगेच म्हटलंत तर गरजू वाटता. ट्यूशनच्या प्रश्नाला मात्र सुटका नाही. करतो म्हटलं तर शाळेचा गद्दार, करत नाही म्हटलं तर मग शिकवता येतं की नाही ही शंका. मी ‘हल्ली नाही’ म्हणतो. दोन्ही शंका कायम राहतात, पण प्रश्न संपतो.

इतिहास काढायची हौस असेल तर आवरा. मी एकदा आवरली नाही. ‘या शहरात केमिस्ट्री का शिकवावी?’ असं एका बाईंनी विचारलं आणि माझा बांध फुटला. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर इथं बडोदा कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, १८९० मध्ये महाराजांच्या आश्रयानं कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था त्यांनी उभारली, १९०७ च्या अलेम्बिक या औषध कंपनीच्या उभारणीतही त्यांचा हात, पुढं कोयलीला रिफायनरी आली, खतांचा कारखाना आला... एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी मुंबईतल्या राणीच्या पुतळ्यावर गेलो. चापेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते निघता निघेना, शेवटी गज्जरांनी रसायनं वापरून राणी पुन्हा पांढरी केली. केमिस्ट्रीची इतकी सुंदर गोष्ट माझ्याकडे दुसरी नाही. कोपऱ्यातले ट्रस्टी गंभीर झाले. म्हणाले, ‘एटले तमे राणीनी साइडमां?’ मी चापेकरांच्या बाजूचा आहे हे पटवण्यात पुढची सात मिनिटं गेली, आणि मुलाखतीला दहाच होती.

आता डेमो. डेमोसाठी ‘मोल’, म्हणजे कण मोजायचं एकक, घेऊ नका. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात हा आकडा ऐकून अकाउंट्स बघणारे ट्रस्टी हमखास जागे होतात आणि हे कुणाला द्यायचे आहेत, असं विचारतात. आणि खरा प्रयोग तर चुकूनही करू नका. स्मार्ट बोर्डवर ॲनिमेशन लावा, इंग्रजीत ‘ओके स्टुडंट्स?’ म्हणा आणि हसत राहा.

हे शहाणपण मला त्या तपकिरी बेसिनवाल्या शाळेत आलं. मी ठरवलं होतं की टायट्रेशन करून दाखवायचं: ब्युरेटमध्ये परमँगनेट, खाली ऑक्झॅलिक ॲसिड आणि सल्फ्युरिक. ब्युरेट काकांकडे मागून घेतलं, ढाल हलवून त्यांनी ते काढून दिलं. ऑक्झॅलिकचं द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि कॉन्फरन्स रूममध्ये बर्नर कुठला असणार? म्हणून घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी नेलं होतं, त्यात फ्लास्क धरून तापवायचा. थर्मास टेबलावर ठेवल्याबरोबर मधले ट्रस्टी प्रेमानं म्हणाले, ‘ना ना, हमणां ज चा पीधी.’

झाकण उघडलं तर वाफच येईना. दोन तास लॅबमध्ये बसल्यावर थर्मासनंही धीर सोडला होता. एव्हाना पाच जोडी डोळे माझ्यावर होती, तसाच रेटलो. गरम द्रावणातही पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतोच. आधी थोडे मँगनीजचे आयन तयार व्हावे लागतात, मग तेच पुढची क्रिया पळवतात. माझा पहिला थेंब नुसता गुलाबी होऊन बसून राहिला. मॅडम म्हणाल्या, ‘यूट्यूब पर तो आ तरत थई जाय छे.’ घाईत मी तोटी जास्त फिरवली. गार द्रावणात परमँगनेट भसकन सांडलं की जे होतं तेच झालं. फिकट गुलाबी एंड पॉइंट, म्हणजे जिथं थांबायचं ती खूण, राहिला बाजूला, फ्लास्कभर तपकिरी गढूळ पाणी तयार झालं.

‘जुओ,’ अकाउंट्सवाले ट्रस्टी खुशीत म्हणाले, ‘चा थई गई!’

सगळे मनापासून हसले. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या मुलाखतीतला तो सर्वांत मोकळा क्षण होता. ‘फोन करीशुं,’ म्हणाले. हे वाक्य ऐकल्यावर लगेच निघा, वळून बघू नका, आणि वाटेत सेव उसळ खा. तिखट जरा जास्तच सांगा, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळतं.

मला मात्र ब्युरेट परत करायचं होतं. लॅबमध्ये काका स्टुलं एकावर एक चढवत होते. फ्लास्क धुवायला बेसिनपाशी गेलो तर म्हणाले, राहू दे, ते तसंच आहे. ॲसिड टाकून पाहिलं, घासून पाहिलं, नवीन आलेल्या प्रिन्सिपलसाहेबांनी दोनदा फिनाईल ओतवलं, डाग हलत नाही. मी विचारलं, गरम पाणी मिळेल? ते शेजारच्या खोलीत गेले आणि चहाची किटली घेऊन आले. वीस पावलांवर होती, गॅसवर, चांगली उकळत.

पिशवीत ऑक्झॅलिकची अर्धी बाटली उरली होती. ती बेसिनमध्ये ओतली, सल्फ्युरिकचे चार थेंब टाकले, वर किटलीतलं पाणी. बारीक बुडबुडे आले. तपकिरी थर कडेनं सुटायला लागला, मग मधून, आणि मिनिटा-दोन मिनिटांत तळाचं पांढरं दिसायला लागलं. काका वाकून बघत होते. त्यात बोट घालायला निघाले, तेव्हा मी हात धरला, विषारी आहे म्हटलं, आधी भरपूर पाणी सोडा.

पाणी सोडून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. ‘अरे, तमने तो केमिस्ट्री आवडे छे! अंदर कह्युं?’

गुजरातीत आवडणं म्हणजे येणं. ‘विचारलंच नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग खिडकीजवळच्या दुसऱ्या बेसिनवर टेकवून ठेवलेली स्टुलं एकेक करून बाजूला काढायला लागले.