पद्मिनीला वारसा ठरायला पन्नास वर्षे कशाला?

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा प्रवास ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, तेव्हा निदान एक तरी काळी-पिवळी जतन करा, अशी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची मागणी होती. त्यावरून पुण्याच्या माझ्या आतेभावाशी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. त्याचे म्हणणे असे की, पद्मिनी हा वारसा नव्हे, तो नाइलाज होता. परमिटराजच्या काळात दुसरे काही मिळत नव्हते म्हणून लोकांनी नंबर लावून ती घेतली, मारुती येताच सोडली, आणि आता तिच्या आठवणीने गहिवरणारे एकतर हौशी श्रीमंत आहेत, नाहीतर तुझ्यासारखे परदेशी गेलेले. टोमणा मला लागला; पण खरा संताप आहे तो त्या ‘नाइलाज’ शब्दाचा.

मी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. इथे उन्हाळ्यातल्या रविवारी जुन्या गाड्यांचे मेळे भरतात आणि त्यांत मर्सिडीजच्या रांगेशेजारी ट्राबांटही तितक्याच दिमाखात उभी असते. पूर्व जर्मनीत, त्स्विकाऊच्या कारखान्यात, १९६४ साली ट्राबांट ६०१ बनू लागली, आणि त्याच वर्षी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट सुरू झाली, जिला पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. ट्राबांटचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे स्कूटरसारखा निळा धूर. तिच्यासाठी दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक थांबावे लागे. बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी त्या रस्त्याकडेला सोडून दिल्या. नाइलाजाची गाडी म्हणून हिच्याइतके चोख उदाहरण मिळणार नाही, तरीही ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ अक्षराची पाटी लावून ती आज मानाने फिरते. नाइलाजातही माणसे जगलेली असतात, संसार केलेले असतात, हे इथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

ही पाटी मिळायला गाडीची तीस वर्षे पुरतात. ती मूळ रूपात आणि सुस्थितीत आहे, असा तज्ज्ञाचा दाखला मात्र लागतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी हीच अट पन्नास वर्षांची केली, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये ठेवले आणि गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणण्याची मुभा दिली. आमची पद्मिनी १९९२ सालची होती. इथल्या हिशेबाने ती २०२२ मध्येच ऐतिहासिक ठरली असती. तिथल्या हिशेबाने तिला २०४२ पर्यंत थांबावे लागले असते, आणि तोवर ती नुसतीच जुनी. धुराचा मुद्दा आतेभाऊ काढतोच. स्टुटगार्टमध्ये जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आहे, पण एच पाटीच्या गाड्या तिच्यातून वगळल्या आहेत, कारण त्या थोड्या आहेत आणि थोड्याच चालतात.

१९९२ साली मारुती सहज मिळत होती, हेही तो सोयीस्करपणे विसरतो. वडिलांनी पद्मिनी निवडली. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तिघे आरामात बसत. पत्रा जाड, आणि गावोगावच्या मिस्त्रीला तिची नस ठाऊक. पावसाळ्यात ती सकाळी अडून बसे. मग वडील बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायचे, आतला दमटपणा बनियनच्या फडक्याने पुसायचे, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवायचे, आणि चोक ओढून सेल्फ मारायला मला बसवायचे. सुटा भाग हवा असला की नाना पेठेत चक्कर ठरलेली. २००७ साली त्यांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. २०१२ मध्ये ते पुन्हा करायची वेळ आली तेव्हा त्यांना धावपळ झेपेना, आणि गाडी भंगारात गेली. जपण्यासाठी नोंदवावी, असा वेगळा वर्गच तेव्हा नियमांत नव्हता.

टोमणा का लागला, तेही लिहितो. डब्ल्यू १२३ या जुन्या मर्सिडीजचा एकूण एक नट-बोल्ट मला पाठ आहे, ती घेण्याची ऐपतही आहे, तरी मी ती घेतलेली नाही. मेळ्यात गाडीशेजारी उभा असलेला माणूस गाडीच्या आधी आपल्या बापाविषयी बोलतो. त्या मर्सिडीजशेजारी उभा राहून मी कोणाविषयी बोलणार? पासपोर्ट इथला झाला, भाषाही आली, पण त्या रांगेत मी अजून पाहुणाच आहे. माझी गाडी जिथे बनली तिथे तिला नाइलाज म्हणतात, आणि मग मी नेमका कुठला, हे मलाच सांगता येत नाही.

शेवटच्या पद्मिनी या शतकाच्या उंबरठ्यावर बनल्या. तीस वर्षांची अट केली तर आज चालत्या असलेल्या बहुतेक गाड्या आताच पात्र ठरतील आणि उरलेल्या लवकरच. पन्नासच ठेवली तर शेवटच्या गाडीला २०५० उजाडेल, आणि तोपर्यंत नाना पेठेत तिचा भाग मागणारा आणि तो ओळखणारा, दोघेही उरलेले नसतील. आतेभावाला मी हेच कळवले आहे.