कंट्रोलरला सद्गती कशी द्यावी

पाच-सहा हजार मोजून व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घरी आणलात, आता त्याच्या शेवटाची तयारी करायला हवी. घाबरू नका, निम्मं काम कारखान्यातच होऊन आलेलं असतं. अख्ख्या कंट्रोलरमध्ये ज्याचं आयुष्य आधीच साधारण ठरलेलं आहे असा भाग म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन सेल ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामा झाला की त्याची क्षमता ८० टक्क्यांच्या घरात येते, आणि तिथून पुढे घसरगुंडी. बटणं टिकतील, मोटर टिकेल, प्लास्टिक तर नातवंडांनाही पुरेल. तेव्हा जो भाग नक्की जाणार, तोच सगळ्यात आत, स्क्रू आणि खिट्ट्यांच्या आड ठेवावा, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला साष्टांग नमस्कार.

एकेकाळी हे शास्त्र फारच मागासलेलं होतं. १९८९च्या गेम बॉय या हँडहेल्डला, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राला, चार पेन्सिल सेल लागत. संपले की दुकानातून नवे चार. सेगाच्या गेम गिअरला सहा लागत आणि तीन ते पाच तासांत तो ते फस्त करी, पण खादाड असला तरी वाढणं आपल्या हातात होतं. २००३च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीत चार्ज होणारी बॅटरी आली, तरी झाकणाला स्क्रू एकच. सोनीच्या पीएसपीला तर तोही नव्हता. नखाने झाकण सरकवलं की बॅटरी हातात, आणि बॅटरी काढून नुसत्या ॲडॉप्टरवरही तो चाले. अशाने ग्राहक लाडावतो. २००९च्या पीएसपी गोमध्ये बॅटरी आत कोंडली गेली, पुढे सोनीच्याच व्हिटातही तिची सुटका झाली नाही, आणि लाड थांबले.

खरेदीचा नियम सोपा आहे: महाग घ्या. एक्सबॉक्सचा साधा बिनतारी कंट्रोलर २००५पासून दोन पेन्सिल सेलवर चालतो. मागचं झाकण अंगठ्याने सरकवलं की दहा सेकंदांत काम उरकतं. ही गरिबी नको असेल तर २०१९चा एलीट सीरिज २ घ्या. त्यात बॅटरी आत आणि झाकण गायब. प्लेस्टेशनने याच्याही पुढची पायरी गाठली आहे. साध्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये बॅटरी १५६० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप), आणि जवळपास तिप्पट किमतीच्या ड्युअलसेन्स एजमध्ये १०५०ची. दागिना जितका जड तितका कपाटाबाहेर कमी निघतो, तसंच हे.

आता रोजची साधना. खेळ संपला की कंट्रोलर चार्जरला लावा आणि विसरून जा. १०० टक्के म्हणजे सेलमध्ये ४.२ व्होल्ट. चार्जिंग थांबलं तरी सेल त्या ताणाखाली बसून राहतो आणि आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडत जातं. त्याला थोडी ऊब मिळाली तर सोन्याहून पिवळं. घरातली उत्तम जागा म्हणजे सेटटॉप बॉक्सचं डोकं. तो बंद असतानाही कोमटच असतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे असाल तर गच्चीला लागून असलेली पत्र्याची खोली वापरा, सेटटॉप बॉक्सची गरजही पडणार नाही.

इलेक्ट्रोलाइट बिघडताना वायू सुटतो आणि बॅटरीच्या पातळ पाकिटातून त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग ती कढईतल्या पुरीसारखी टम्म फुगते. पीएसपीची बॅटरी फुगली की झाकण बसेना, आणि बोभाटा व्हायचा. बॅटरी आत कोंडलेला हँडहेल्ड तसा चहाडखोर नसतो. त्यात बॅटरी स्क्रीनला मागून गुपचूप रेटते, कडेला पोस्टकार्ड शिरेल एवढी फट पडते, आणि तुम्ही ‘गोंद सुटला वाटतं’ म्हणत ती अंगठ्याने दाबून बसवता.

इथे मिनिटभर चेष्टा बाजूला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, टाचणी टोचून ‘हवा काढण्याचा’ विचारही करायचा नाही. आतले दोन थर एकमेकांना टेकले की शॉर्ट होऊन ती पेटते. वस्तू बंद करा, पडदे-गाद्यांपासून लांब, उघड्या फरशीवर ठेवा आणि जाणत्या माणसाकडून बॅटरी काढून घ्या. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनात द्यायची. घंटागाडीत टाकलीत तर कचरा दाबला जाताना ती तिथे पेट घेईल.

झाली मिनिटभर विश्रांती. दुसरी पद्धत मराठी घरांत पिढीजात चालत आली आहे: दहावीचं वर्ष. जून उजाडला की हँडहेल्ड आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. जप्तीच्या क्षणी बॅटरी पाच टक्क्यांवर असेल तर उत्तम. पुढचे दहा महिने ती स्वतःहून थोडी थोडी रिकामी होत राहते. व्होल्टेज अडीचच्याही बरंच खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं, आणि मग बहुतेक सेलवरचं संरक्षक सर्किट चार्जिंगच नाकारतं. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर बटण दाबा. काहीच होणार नाही. ज्यांना हा आनंद नकोच आहे त्या अरसिकांनी ४० ते ६० टक्के चार्ज ठेवून वस्तू बंद करावी आणि तीन-चार महिन्यांनी एकदा पुन्हा तेवढीच भरावी. स्टीम डेक या हँडहेल्डवाल्यांना तर याची सोय करून दिलेली आहे: यंत्र बंद असताना व्हॉल्यूम वाढवण्याचं बटण धरून पॉवर दाबली की सेटअपमध्ये ‘बॅटरी स्टोरेज मोड’ मिळतो, आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत बॅटरी गाढ झोपते. तिकडे फिरकू नका. तसंच निन्टेन्डोच्या स्विच २मध्ये सुमारे ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे, स्टीम डेक ज्यावर चालतो त्या स्टीमओएसच्या नव्या आवृत्तीत ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. असल्या सेटिंग्जमुळे बॅटरीचं आयुष्य वाढतं, म्हणून त्या बंदच बऱ्या.

एवढं करून बॅटरी गेली की कंट्रोलर नवा घ्यायचा. कारण जुना उघडायला गेलात तर पुढची लाजिरवाणी गोष्ट कळेल. ड्युअलसेन्सच्या स्टिकभोवतीची काळी पट्टी हँडलच्या टोकापासून जुन्या एटीएम कार्डाने उचकटता येते. तिच्याखाली दोन फिलिप्स स्क्रू. वरच्या कडेच्या एल१ आणि आर१ बटणांच्या टोप्या अलगद वर काढल्या की त्यांच्याखाली आणखी दोन. चार स्क्रू निघाले की मागचं कवच खिट्ट्यांवरून सुटतं, आणि समोर एलआयपी१७०८ नावाची बॅटरी प्लास्टिकच्या खाचेत नुसती ठेवलेली दिसते. गोंद नाही, सोल्डर नाही. एक छोटा प्लग, बस्स. तो तारेला धरून ओढायचा नाही, प्लगलाच धरून डावीउजवीकडे हलवत काढायचा. हात बसलेला असेल तर वीस मिनिटांचं काम, नसेल तर पट्टीच्या दोन खिट्ट्या तुटतील आणि तासभर जाईल. म्हणजे बॅटरी बदलण्याजोगी होतीच, झाकण तेवढं द्यायचं राहून गेलं. प्लेस्टेशनच्याच आधीच्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरमध्ये गंमत निराळी. दोन्ही अर्ध्यांना जोडणारी एक पातळ रिबन असते. कवच झटक्यात उघडलंत तर तीच फाटते. शिवाय त्याच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीचे बॅटरी-प्लग वेगवेगळ्या मापाचे, तेव्हा ऑनलाइन मागवताना हटकून चुकीची मागवा.

मागवताना आकडा मोठा बघून घ्या. तेवढ्याच खोक्यात ‘३००० एमएएच’ लिहिलेली बॅटरी मिळते, आणि ज्यांनी आपलं डोकं चार्जिंगला लावलेलं नाही त्यांच्यासाठीच ती बनवलेली असते. लेबलवर वॅट-अवरचा, म्हणजे एकूण ऊर्जेचा, आकडाही असतो, तो वाचायचा नाही. मूळ बॅटरी ३.६५ व्होल्टची, १५६० एमएएचने गुणून हजाराने भागलं तर ५.७ वॅट-अवर. खरंच ३००० असती तर तिथे ११च्या आसपास आकडा दिसला असता. वरती ३००० आणि खाली पाच-सहा असेल तर छापणाऱ्याला गुणाकार येत नव्हता, एवढंच समजायचं.

निन्टेन्डोचं वागणं मात्र कुठल्याच साच्यात बसत नाही. स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरला तीन पाकळ्यांचे स्क्रू, म्हणजे घरातला कुठलाच स्क्रूड्रायव्हर चालू नये. आत ५२५ एमएएचची इवलीशी बॅटरी हलक्या गोंदावर. इथवर ठीक. पण त्याच कंपनीच्या स्विच प्रो कंट्रोलरमध्ये सीटीआर-००३ ही बॅटरी आहे, १३०० एमएएचची, आणि हीच बॅटरी २०११च्या थ्रीडीएसमध्ये होती. हँडल आणि कव्हरचे साधे फिलिप्स स्क्रू काढले की बॅटरी समोर. तार नाही, स्पर्शपट्ट्यांवर टेकवलेली. सहा वर्षांनी आलेल्या कंट्रोलरला जुन्या हँडहेल्डची बॅटरी चालावी, म्हणजे एका घरातल्या मेलेल्या खेळण्याने दुसरं जगवावं, हा अनर्थ कुणाच्या नजरेतून सुटला कोण जाणे. खरं तर बॅटरी आत असण्याला कुणाचीच हरकत नसावी. ती ओळखीची असावी आणि हाताला लागावी, एवढाच काय तो प्रश्न. पण असलं शहाणपण या लेखाच्या कक्षेबाहेरचं.

सेलवाल्यांनी एवढ्यात कॉलर ताठ करू नये, तुमच्यासाठीही उपाय आहेत. कंट्रोलरचे सेल संपले की सरळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. त्यातला कार्बन-झिंकचा स्वस्त सेल काढा, जोडीला ड्रॉवरमधला कुठल्या तरी रिमोटचा. गेममध्ये स्फोट होईपर्यंत सगळं सुरळीत चालेल. स्फोट झाला की कंपनाच्या मोटरी एकदम करंट ओढतात, असल्या सेलचा अंतर्गत अवरोध जास्त, व्होल्टेज धाडकन पडतं आणि ऐन लढाईत कंट्रोलर डिस्कनेक्ट. मग सेल बोटांनी गोल फिरवा, दाताने चावा, उन्हात ठेवा. हे विधी आपल्याकडे रिमोटपासून चालत आले आहेत. एक नवा आणि एक जुना सेल लावला तर आणखी मजा: जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, त्याने जुन्याची धन-ऋण टोकं उलटी होतात, आणि तो पाझरतो.

पाझरण्यासाठी अल्कलाइन सेल आत ठेवून कंट्रोलर वर्षभर विसरणं हाही चांगला मार्ग. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेत त्याची पांढरी भुकटी होते आणि स्प्रिंग खाल्ली जाते. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेली कान साफ करायची काडी फिरवली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवलं, तर बहुतेकदा कंट्रोलर वाचतो. म्हणून ते करू नका. २००० एमएएचचे, पडून राहिले तरी फारसे रिकामे न होणारे, पुन्हा चार्ज करता येणारे चार निकेल-मेटल-हायड्राइड सेल आणि प्रत्येक सेल वेगळा भरणारा चार्जर एकदाच घेतला, जोड्यांवर मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं, की कित्येक वर्षं या सगळ्या नाट्याला मुकाल. फक्त हे सेल १.२ व्होल्टचे असल्याने काही कंट्रोलरचा बॅटरी-काटा भरलेल्या सेललाही अर्धमेला ठरवतो. त्याच्या नादी लागून ते रोज चार्ज करा.

युरोपात मात्र या संस्कृतीवर घाला येतोय. तिथल्या २०२३च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्यासाठी ऊब द्यावी लागली, रसायन टाकावं लागलं किंवा खास अवजार विकत घ्यावं लागलं तर ते ‘काढता येणं’ धरलं जाणार नाही. पहिल्या स्टीम डेकची ४० वॅट-अवरची बॅटरी ज्या गोंदाने चिकटवली होती, त्याला हे वाक्य नक्की लागलं असेल. शेवटचा नग बाजारात आल्यानंतर पाच वर्षं सुटी बॅटरीही मिळायला हवी. सूट आहे ती मुख्यतः ओल्या जागी वापरायच्या, धुता येणाऱ्या उपकरणांना. तेव्हा पुढच्या वर्षी नळाखाली धुवायचा कंट्रोलर जाहिरातीत दिसला तर दचकू नका.

आणि हो, भिंतीवरचं घड्याळ मंगळवारपासून सव्वाचारलाच थांबलं आहे. त्यातून काढलेला तो सेल पाझरला नसेल तर परत बसवा. कंट्रोलरच्या मोटरीपुढे तो संपला असला तरी घड्याळाला अजून काही महिने सहज पुरेल.