फवारणी केली नाही, म्हणजे मधमाश्या सुखरूप?

"आम्ही फवारतच नाही, फक्त बीजप्रक्रिया केलेलं बियाणं पेरतो," असं कुणी म्हटलं की ऐकणारा निर्धास्त होतो. मी होत नाही. फवारणी निदान दिसते, तिचा वास येतो, मधपाळाला आधी कळवलं तर तो पेट्या हलवू शकतो. बियाण्यावरच्या औषधाची त्याला खबरच नसते.

मक्याचा तो रंगवलेला दाणा घ्या. त्याच्यावर क्लोथियानिडिन या कीटकनाशकाचा लेप असेल, तर औषध असतं साधारण अर्धा ते सव्वा मिलिग्रॅम. आणि हे औषध प्रत्येक माशीच्या पोटात जेमतेम ४ नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग) गेलं, तरी निम्म्या मधमाश्या मरतात. करा हिशेब, एका दाण्यावर लाखभर माश्यांचा डोस!

"माशी काय दाणा खाते का?" हे ठरलेलं उत्तर. नाही खात. पण हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणी यंत्रात दाणे घासले जातात, लेप खरवडतो आणि पंख्यातून बारीक धूळ बाहेर पडते. ती बसते बांधावरच्या फुलांवर. २००८ मध्ये जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात मक्याच्या बियाण्याला लेप नीट चिकटला नव्हता. ११ हजारांहून जास्त वसाहतींना फटका बसला.

धूळ आवरता येते, मान्य. चांगला लेप द्या, यंत्राची हवा जमिनीकडे वळवा. पण औषध आंतरप्रवाही असतं, म्हणजे झाडाच्या आत सगळीकडे पसरणारं. पीक त्यातलं थोडंच शोषून घेतं, ते मकरंदात आणि परागात उतरतं. बाकीचं बरंचसं मातीत राहतं आणि तिथून रानफुलांतही पोचतं.

स्वीडनमध्ये असं लेप दिलेलं बियाणं पेरलेल्या मोहरीवर्गीय पिकाच्या शेतांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. पाळीव मधमाश्यांच्या वसाहतींत ठळक फरक दिसला नाही, रानटी माश्या मात्र घटल्या आणि भुंग्यांच्या वसाहती खुंटल्या. बियाण्याची बाजू घेणारे यातलं पहिलं अर्धं वाक्यच सांगतात.

बरं, एवढं करून पदरात काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेच २०१४ मध्ये सांगितलं की सोयाबीनमध्ये या बीजप्रक्रियेचा फायदा बहुतेक ठिकाणी नगण्य आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अशी तीन औषधं उघड्या शेतात बंद केली. मला सरसकट बंदीपेक्षा कॅनडातल्या क्वेबेकची पद्धत पटते: कृषितज्ज्ञाची चिठ्ठी असेल तरच असं बियाणं. जमिनीत हुमणी किंवा वायरवर्म (पिकाची मुळं, बियाणं खाणाऱ्या अळ्या) खरंच आहे का, ते आधी बघा. नसेल, तर शेतकऱ्याला लेप नसलेली पिशवी मागता यावी आणि ती दुकानात मिळावी.