दार उघडण्याचे ३० युरो

“एका रात्रीसाठी सिएनाला कोणी येतं का? तुम्हाला फक्त दुसऱ्या पर्यटकांच्या पाठी दिसतील.” इटलीतल्या सिएनाच्या एका घरमालकीणबाईंचा हा निरोप परवा आला. खोलीचे पैसे आधी कापून घेतले, मग हा उपदेश.

बेत साधा होता. फ्लॉरेन्सहून दुपारी निघायचं, रात्र सिएनात, दुसऱ्या दिवशी परत. दिवसाच्या सहलीला आलेली गर्दी संध्याकाळी ओसरते आणि गाव गावकऱ्यांच्या ताब्यात परत जातं, म्हणून तर ती एक रात्र. पण बाईंच्या घरी किल्ली मिळते दुपारी तीन ते सहा. सहानंतर पोचलात तर ३० युरो, रोख. शहराचा पर्यटक कर वेगळा, माणशी आणि रात्रीमागे. कराचं मी समजू शकतो. ३० युरो मात्र निव्वळ कडी काढण्याचे आहेत.

तर सहाच्या आत पोचायचं. रेल्वेनं दीडेक तास लागतो. काही गाड्यांना एम्पोलीला उतरून दुसरी धरावी लागते, आणि पुढचा मार्ग बराचसा एकेरी असल्यामुळे समोरची गाडी रखडली की तुमचीही रखडते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड. एवढं करून उतरलात की कळतं, स्टेशन खाली आणि गाव टेकडीवर. समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची एक न संपणारी माळ वर कामोल्लिया वेशीकडे नेते. तिथून गावाच्या मध्यावरचा काम्पो चौक वीस मिनिटं, बॅग ओढत, दगडी फरशीवर. त्यापेक्षा फ्लॉरेन्सच्या स्टेशनाजवळून १३१ नंबरची ‘रापिदा’, म्हणजे जलद बस घ्यावी. सव्वा तासात ती वरच, जुन्या गावाच्या कडेला सोडते.

भाड्याची गाडी घेऊ नये. जुन्या गावात बाहेरच्या वाहनांना बंदी आहे आणि वेशींवर कॅमेरे आहेत. चुकून आत शिरलात तर दंड. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणजे फोटो दाखवून सगळ्या नातेवाइकांना पिडून झालं, की मग पाकीट येतं. शिवाय तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचे पैसे गाडीवाले वेगळे लावतात. गाडी हवीच असेल तर ती सांता कातेरिनाच्या पार्किंगात टाकावी. तिथून सरकते जिने कॅथीड्रलच्या बाजूला वर आणतात.

हे सगळं जुळवून मी बाईंना एकच प्रश्न विचारला: बसथांब्यावरून तुमच्या घरी कसं यायचं?

“आम्ही कासवात आहोत.”

सिएनात १७ कोंत्रादा, म्हणजे मोहल्ले आहेत. कासव, साळिंदर, गोगलगाय, सुरवंट, घुबड, जिराफ अशी त्यांची नावं. त्यांच्या हद्दी १७२९ साली गव्हर्नर व्हिओलान्ते बेआत्रीचे यांनी आखून दिल्या, त्या अजून पाळल्या जातात. प्रत्येकाचं चर्च वेगळं, संग्रहालय वेगळं आणि बहुतेकांना एक तरी पिढीजात वैरी. पुण्यातल्या पेठांना एकेक प्राणी आणि एकेक दुश्मन सरकारी हुकमानं वाटून दिला असता तर असंच काहीसं झालं असतं.

“कासव म्हणजे कुठला रस्ता?”

“रस्ता कशाला? पिवळे-निळे झेंडे बघत या.”

झेंडे सणासुदीलाच लागतात, एरवी कोपऱ्यावरच्या भिंतीत चिन्हाची छोटी पाटी असते, हे मी वाचलेलं होतं. तसं कळवलं.

“मग पाट्या बघा. गोगलगाय दिसली की चुकलात. तिथं आमचा पत्ता विचारू नका.”

“का? सांगणार नाहीत?”

“सांगतील. पण तुम्हाला काय समजतील, ते बघा.”

मला काय समजतील! हातात बॅग, डोक्यावर टोपी, कपाळावर घाम असलेल्या मराठी माणसाला कासवांचा हेर समजणारं कोणी त्या गावात असेल, तर मला त्याला भेटायचंच आहे. कामोल्लियाच्या वेशीवर लॅटिनमध्ये कोरलंय, की या दारापेक्षा सिएना तुमच्यासाठी आपलं हृदय अधिक मोठं उघडते. हृदयाला किती लागतात, ते विचारून घ्यायला हवं.

तारखांवरही बाईंनी झापलं. “पालिओला का येत नाही?” पालिओ म्हणजे काम्पोतली घोड्यांची शर्यत, २ जुलै आणि १६ ऑगस्टला. तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत खेळ खलास. स्वार पडला तरी एकटा घोडा जिंकू शकतो. चौकाच्या मध्ये उभं राहून फुकट बघता येतं. फक्त उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, आत स्वच्छतागृह नाही, आणि एकदा वाटा बंद झाल्या की सुटका शर्यतीनंतरच. त्यात खोल्यांचे भाव. मला बघायची होती कॅथीड्रलची फरशी: संगमरवराची ५६ चित्रं, १४व्या ते १९व्या शतकापर्यंत घडत गेलेली. ती वर्षातला बराच काळ झाकलेली असते आणि जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, मध्ये खंड देत, उघडी ठेवतात. म्हणून सप्टेंबर धरला. तेव्हा तिकीटही महाग असतं, ते असो.

उरला बॅगेचा प्रश्न. खोली दहाला सोडायची आणि कॅथीड्रलही दहालाच उघडतं. काम्पोतल्या मान्जा मनोऱ्याच्या चारेकशे पायऱ्या सामान घेऊन चढू देत नाहीत. बॅग दुपारपर्यंत घरी ठेवू का, तर नाही; पुढचे पाहुणे येणार. मात्र बाईंच्या धाकट्या बहिणीचं दुकान आहे, तिथं फुकट ठेवता येईल. बहीण लग्न करून गोगलगायीत गेली, त्यामुळे बाई स्वतः तिकडं येणार नाहीत, मी एकट्यानं जावं. दुकान एक ते चार बंद असतं.

माझी परतीची बस तीनची आहे, असं मी कळवलं.

“बसेस चारनंतरही असतात.”