हप्ता सातबाऱ्याला मिळतो, राबणाऱ्या हाताला नाही

आज सकाळी बाबांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. पीएम किसानचे २,००० रुपये जमा झाले होते. मी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचता वाचताच मला गावाकडच्या काकू आठवल्या. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहीत आहे.

आमची चार एकर जिरायत जमीन काकू गेली सहा वर्षे बटईने करतात. पेरणी, खुरपणी, फवारणी, काढणी सगळी त्यांची. बियाणे-खताचा खर्च निम्मा आणि मालही निम्मा. मात्र सातबारा बाबांच्या नावावर आहे, म्हणून केंद्राचे वर्षाचे ६,००० रुपये बाबांना मिळतात आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रुपयेही बाबांनाच. काकूंना एक पैसा नाही.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीला आले असताना आठ दिवस पाऊस लागून राहिला आणि उभ्या शेंगांना कोंब फुटले. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा काकूंनी त्या शेंगा ओंजळीत धरून दाखवल्या. त्यांना एवढेच विचारले गेले, "मालक कुठे आहेत? आधार आणि पासबुक त्यांचे लागेल." काकूंनी मला फोन केला आणि मी इथे बसून बाबांच्या पासबुकाचा फोटो पाठवला. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपयांच्या निकषाने आलेले अनुदान बाबांच्या खात्यात पडले. आम्ही त्यातले निम्मे काकूंना दिले, आणि खरे सांगतो, तेव्हा आम्हाला ते न्याय्य वाटले होते.

पीएम किसान योजना २०१९ मध्ये आली तेव्हा दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती त्याच वर्षी काढून टाकण्यात आली. आयकर भरणारे नकोत, दरमहा १०,००० किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे नकोत, डॉक्टर, वकील, इंजिनिअर नकोत, असे सगळे बारकाईने लिहून ठेवले. पण ही जमीन प्रत्यक्ष कसते कोण, हे विचारण्याची गरज कोणालाही वाटली नाही, याची मला चीड येते. ओडिशाने कालिया योजनेत बटईदारांना आणि भूमिहीनांनाही धरले होते, म्हणजे मनात आणले तर जमते.

कागदाशिवाय सरकारने कोणाला ओळखायचे, हा प्रश्न रास्त आहे, मान्य. मग कागद का होत नाही? मी बाबांना भाडेकराराचे विचारले की ते एकच शब्द उच्चारतात, कूळ. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला जो कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसत होता तो कायद्याने मालक मानला गेला, आणि त्या दिवसाची धास्ती आमच्या घरात आजोबांकडून बाबांकडे आली आहे. बाबांवर मला रागावता येत नाही, कारण याच चार एकरांसाठी त्यांनी उभे आयुष्य मोडले. परंतु त्या धास्तीपायी काकूंना पीक विमा नाही आणि पीककर्जही नाही, कारण दोन्हीकडे तोच करार मागतात; हप्ता तर करार असला तरी सातबाऱ्यालाच.

कोणाचे शेत कोण करते, हे गावातले शाळकरी पोरही सांगेल. दरवर्षी ग्रामसभेत कसणाऱ्यांची यादी वाचावी, हरकती घ्याव्यात, मालकी हक्काला धक्का लागणार नाही असे त्याच कागदावर स्पष्ट लिहावे आणि अनुदान त्या यादीप्रमाणे द्यावे. यादीतही घोळ होतील, होऊ देत; काकूंच्या ओंजळीतल्या शेंगा पाहूनही पासबुक मालकाचे मागणे, हा त्याहून मोठा घोळ आहे.

दुपारी काकूंना फोन केला. हप्त्याचे त्यांनी विचारलेसुद्धा नाही, "भाऊंची तब्येत कशी आहे?" एवढेच बाबांबद्दल विचारले. यापुढचा प्रत्येक हप्ता पूर्ण त्यांच्याकडे जाईल, हे मी बाबांशी बोलून ठरवले आहे. कराराचे मात्र बाबा अजून हो म्हणालेले नाहीत. माझ्या मित्रयादीत गावी जमीन असलेले पुष्कळ जण आहेत. तुमची जमीन कोण करते आणि तिचा हप्ता कोणाच्या खात्यात येतो, ते खाली लिहा.