पट्ट्याशी जमवून घेताना

माझी गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, त्यामुळे तिला फार बोलता येत नाही. ती जन्मली तेव्हा पट्टा विजार घसरू नये म्हणून लावायचे. तिच्यात सीटबेल्ट बसवायचं मनात आलं, तेव्हा वाटलं होतं, चार बोल्ट आवळायचे नि निघायचं.

आधी साधे पट्टे लावले. रीळबीळ काही नाही. लांबी एकदा हाताने ठरवायची. पट्टा आणि छाती यांच्यात मूठ मावेल एवढीच जागा ठेवायची असते. मी ठेवली, आणि लक्षात आलं की जुन्या गाडीत हाताशी असं काहीच नसतं. दिव्यांची कळ पुढे, चोक त्याच्याही पुढे. चोक ओढून गाडी सुरू करायची नि मग पट्टा लावायचा, इथवर जमलं. पण इंजिन तापल्यावर चोक आत ढकलावा लागतो, आणि तोवर मी बांधला गेलेला. गाडी मागे काळा धूर सोडतेय, माझी दोन बोटं हवेत वळवळतायत आणि चोक वीतभर लांब. शेवटी गाडीत एक लाकडी फूटपट्टी ठेवली. सिग्नलला शेजारच्या गाडीतलं पोर मला फूटपट्टीने डॅशबोर्ड टोचताना बघून आईला हाका मारायला लागलं, तेव्हा पट्टे बदलायचं नक्की झालं.

मग आले रिळाचे पट्टे. हे आपसूक सैल होतात, आपसूक गुंडाळतात, असं ऐकून होतो. मिस्त्रीने रीळ दारामागच्या खांबाच्या पायथ्याशी बसवलं. पट्टा बाहेरच येईना. हळू ओढला, हिसडा दिला, चुचकारून पाहिलं, ढिम्म. माल खराब म्हणून मी तोंड सोडणार, एवढ्यात मिस्त्रीने बोल्ट काढून रीळ हातात सरळ धरलं. पट्टा सुरसुर बाहेर. जरा कलतं केलं, कट्ट. आत एक छोटी पोलादी गोळी असते. गाडी एकदम थांबली किंवा कलंडली की ती जागची हलते, दाते अडकतात आणि रीळ बंद. आमचा खांब मुळातच मागे रेललेला, म्हणून रीळही रेललेलं. गाडी दारात उभी होती, पण गोळीच्या हिशेबी आम्ही केव्हाच दरीत कोसळलो होतो. मग रिळाखाली वाकवलेली जाड पट्टी घालून मिस्त्रीने गवंड्यासारखं ते ओळंब्यात आणलं.

पट्टा खांद्यामागे जिथे अडकतो, त्या वरच्या बोल्टची कथा वेगळी. तो खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवा. खाली असला तर धडकेत पट्टा खांदा खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. आमच्या खांबात दम होता तो नेमका खांद्याच्या चार बोटं खाली. वर नुसता पत्रा. तिथे ७/१६ इंची बोल्ट धरायचा तर आतून पोलादी पट्टी वेल्ड करायला हवी. त्यासाठी अस्तर काढलं, तर मागे गंज. पुढचे तीन आठवडे ‘पट्टे बसवतोय’ एवढंच लोकांना सांगत होतो.

हा तीन बिंदूंचा, म्हणजे तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या गाड्यांत आला, तो नील्स बोलिन या इंजिनियरमुळे. आधी हा गृहस्थ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. मग माणसाला खुर्चीतच जखडायच्या कामाला लागला. व्होल्वोने ते पेटंट सगळ्यांना खुलं केलं, हा मोठेपणाच. फक्त माझ्या पोटाचा विचार करायचा राहिला. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा, असं मिस्त्री म्हणाला. ती हाडं शोधण्यात आमचा बराच वेळ गेला.

पट्टा मानेला घासत होता, म्हणून मी तो चिमट्याने सैल धरून ठेवायची युक्ती काढली. बायकोने चिमटा पाहिला.

“अहो, सैलच ठेवायचा असेल तर मफलर घाला की,” ती म्हणाली आणि चिमटा कपड्यांच्या दोरीवर परत गेला. सीट दोन बोटं पुढे घेतली, घासणं थांबलं. एवढ्यासाठी मी महिनाभर मान वाकडी करून हिंडलो होतो.

राहिलं बक्कल. ते नुसत्या पट्ट्याच्या तुकड्याला लोंबत होतं आणि दर वेळी दोन सीटांमधल्या फटीत पडायचं. कोपरापर्यंत हात घालायचा; आधी हातात येणार हेअरपिन, मग गोळीचा चिकट कागद, मग बक्कल, तेही उलटं. ते काढून ताठ दांड्याचं लावलं.

परवा पहिल्यांदा दोघं निघालो. तिचा पट्टा कट्ट, माझा कट्ट. मानेला काही नाही, पोटाला काही नाही. “बघ!” म्हणत मी मोठ्या ऐटीत चोककडे झेप घेतली. पट्ट्याला हिसका बसला, रीळ जागच्या जागी अडकलं आणि मी अर्ध्यात लटकलो.

“हळू जरा,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “त्याला कळतंय सगळं.”