गेंडे पाळून शिंगं विकावीत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गेंड्याचं शिंग म्हणजे नखासारखं केराटिन, कापलं तरी पुन्हा वाढतं. मग मेंढीची लोकर कातरतो तसं ते कापून उघडपणे विकावं. चोरट्या शिकारीचा धंदा आपोआप बसेल. आणि विरोध करणारा मी, शहरात बसून गहिवर काढतो.

गहिवराचं राहू द्या. शिंग वाढतं हे खरंच, आणि नीट कापलं तर जनावराला इजा होत नाही हेही खरं. हा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर झालाय. जॉन ह्यूम यांनी क्लेर्क्सडॉर्पजवळ जवळपास २,००० पांढरे गेंडे पाळले, शिंगं कापून साठवली. २०१७ साली कोर्टामुळे देशांतर्गत विक्री खुली झाल्यावर लिलावही केला, पण गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. राखणदारीचा खर्च मात्र थांबेना. २०२३ मध्ये त्यांनी गेंड्यांसकट सगळं फार्म लिलावात काढलं, किमान बोली एक कोटी डॉलर. एकही बोली आली नाही. शेवटी आफ्रिकन पार्क्स या संस्थेने ते घेतलं. हे गेंडे टप्प्याटप्प्याने जंगलात सोडायचं त्यांनी ठरवलंय.

तुम्ही म्हणाल, शिंगांच्या व्यापारावर १९७७ पासूनची आंतरराष्ट्रीय बंदी होती म्हणून ह्यूम बुडाले. बरोबर. खरी मागणी व्हिएतनाम आणि चीनमध्ये. दक्षिण आफ्रिकेत शिंग घेऊन करायचं काय? पण मग बंदी उठली तर काय होईल, याचा विचार करा. पाळलेल्या गेंड्याला चारा, डॉक्टर, कुंपण, बंदूकधारी पहारा, सगळं वर्षानुवर्षं लागतं. शिकाऱ्याला एक रात्र आणि एक रायफल पुरते. भाव कितीही पाडा, त्याचं शिंग स्वस्तच पडणार. आणि बाजार उघडा असला की त्याला माल लपवायचीही गरज उरत नाही, कागद जोडले की झालं. हस्तिदंताचं हेच झालं. २००८ साली सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवानगीने चीन आणि जपानला साठा विकला गेला. चीनमधल्या परवानाधारक दुकानांत एका वस्तूचं ओळखपत्र दुसरीला लावून चोरटा माल खपवल्याचे प्रकार उघड झाले. २०१७ अखेर चीनने तो व्यापारच बंद केला.

मगरीचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते मेंढीपेक्षा चांगलं आहे, कारण तिथे मगरपालनाने खरोखर फरक पडला. पण मगर एका वेळी डझनांनी अंडी घालते. गेंड्याच्या मादीला सुमारे सोळा महिने गाभण राहून एकच पिल्लू होतं. मागणी वाढली तर पुरवठा त्या वेगाने वाढवणार कसा?

एका मुद्द्यावर मात्र आपलं जमेल. शिंग कापणं हा उपाय म्हणून मला मान्य आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या अभयारण्यांत शिंगं कापल्यावर शिकार तीन चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यासाठी ती शिंगं विकावी लागली नव्हती. खासगी मालकांचा खर्च कोणी भरायचा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे; दक्षिण आफ्रिकेतले निम्म्याहून जास्त पांढरे गेंडे त्यांच्याकडेच आहेत. पर्यटन आणि देणग्या एवढीच सध्याची उत्तरं, आणि ती अपुरी पडताहेत.

राहिला आसामने २०२१ मध्ये २,४७९ शिंगं जाळल्याचा तुमचा संताप. करोडोंचा माल, मान्य. पण आपल्या कायद्यात तो विकताच येत नाही, आणि कोठारात ठेवला की त्याच्यावर पहारा ठेवायला पुन्हा माणसं लागतात. ती काझीरंगात हवीत.